उंबऱ्याबाहेरचं घर : चार्ल्स कोरिया आणि गिरणगाव

(लालबाग येथे व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



खाली फळ्यावर आजचा विषय वाचून आमच्या जुन्या मजल्यावरच्या एका काकांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, ‘काय रे, कोरियावर बोलणार म्हणे? उत्तर की दक्षिण?’ मी म्हटलं, ‘काका, गोव्याचा.’ ‘मग येतो,’ म्हणाले. आलेत, तिसऱ्या रांगेत बसलेत.

काकांची थट्टा मी मनावर घेतली नाही, पण डोक्यात राहिली. ज्या माणसाने नवी मुंबईची कल्पना मांडली, दादरच्या पोर्तुगीज चर्चची आजची इमारत बांधली आणि 1996 मध्ये आपल्या लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जमिनींचं काय करावं याचा आराखडा सरकारच्या हातात दिला, त्याचं नाव लालबागमध्ये ओळख करून दिल्याशिवाय कळत नाही. यात काकांचा दोष नाही. चूक कुणाची, ते पुढे येईलच.

आधी माझी ओळख कशी झाली ते सांगतो.

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आमच्या सरांनी सांगितलं, आपापल्या घराचा नकाशा काढून आणा. वर्गातली बाकीची पोरं दोन-दोन, तीन-तीन कागद घेऊन आली. माझं काम एका कोपऱ्यात संपलं. दहा बाय बाराची खोली, एक मोरी, एक खिडकी, एक दार. सरांनी कागद पाहिला, विचारलं, ‘घरात माणसं किती?’ म्हटलं, सात. ‘तू झोपतोस कुठे?’ म्हटलं, गॅलरीत. ‘अभ्यास?’ गॅलरीत. ‘मग ती का काढली नाहीस?’ मी म्हटलं, ‘सर, ती आमची नाही, चाळीची आहे.’ सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पुस्तक हातात ठेवलं. ‘द न्यू लँडस्केप’, लेखक चार्ल्स कोरिया, साल 1985.

इंग्रजी बेताचं होतं, त्यामुळे पहिल्या वाचनात निम्मं डोक्यावरून गेलं. एक पान मात्र बरोबर समजलं. आपल्यासारख्या उष्ण देशात माणूस फक्त खोलीत राहत नाही, तो चार जागांमध्ये राहतो, असं तिथे म्हटलं होतं. पहिली जागा घराच्या आतली : स्वयंपाकाची, झोपायची, सामान ठेवायची. दुसरी उंबऱ्याबाहेरची, जिथे पोरं खेळतात आणि शेजारणीशी चार शब्द होतात. तिसरी पाण्याची, म्हणजे नळ किंवा विहीर, जिथे आळी भेटते. आणि चौथी सगळ्या गावाची, म्हणजे मैदान. या चारांपैकी एक आखडली तर दुसरीने ती भरून काढायची असते. खोली लहान असेल तर अंगण मोठं हवं.

चाळ डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी हे लिहिलं, असं मी म्हणत नाही. पण मी वाचत होतो तो आमच्याच मजल्याचा नकाशा होता. दहा बाय बाराची खोली. तिच्यापुढे चार फुटांची, लाकडी कठड्याची गॅलरी. गॅलरीच्या टोकाला नळ आणि त्याच्यापुढची बादल्यांची रांग. आणि रस्ता ओलांडला की नरे पार्क, कामगार मैदान. बाबा गिरणीच्या साचेखात्यात होते. रातपाळी करून आले की दुपारपर्यंत झोपायचे, तेव्हा खोलीत आवाज करायची सोय नव्हती. आम्ही भावंडं सकाळभर गॅलरीत. आई तांदूळ निवडायची गॅलरीत. मोठ्या आत्याचं लग्न ठरलं तेही गॅलरीतच, कारण पाहुणे आत मावत नव्हते. चैत्र-वैशाखात गच्चीवर मिरच्या वाळायच्या, मग त्या डंकावर कुटायला मसाला गल्लीत जायच्या आणि आठवडाभर सगळा मजला शिंकत असायचा. सात माणसांचं घर एकशे वीस चौरस फुटांत बसत नसतं. ते बसत होतं, कारण त्यातलं बरंचसं दाराबाहेर होतं, आणि त्या भागाला भाडं नव्हतं.

मंडळी, चाळीचे गोडवे गायला मी उभा नाही. रात्रीच्या शेवटच्या प्रहरी डबा घेऊन संडासाच्या रांगेत उभं राहिलेला माणूस असं करत नाही. गोडवे गातात ते चाळ सोडून तीस वर्षं झालेले. माझा मुद्दा गॅलरीपुरता आहे.

आता कोरियांचं चरित्र थोडक्यात. जन्म 1 सप्टेंबर 1930, सिकंदराबादचा. घराणं मूळ गोव्याचं. शिक्षण मुंबईत सेंट झेवियर्समध्ये, पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटी. लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचं वेड होतं. रूळ कसे जोडायचे याचे नकाशे काढत बसायचे, आणि नकाशा वाचायची गोडी तिथूनच लागली असं ते सांगत. 1958 मध्ये त्यांनी मुंबईत व्यवसाय सुरू केला. पुढे बरीच वर्षं त्यांचं ऑफिस आपल्या गिरगावात होतं, ऑपेरा हाऊसजवळ मॅथ्यू रोडला. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी साबरमती आश्रमातल्या गांधी स्मारक संग्रहालयाचं काम मिळालं. 1963 मध्ये नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. विटांचे खांब, वर कौलं, खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा. सहा मीटरचे चौकोन एकाला एक जोडत नेलेले, काही झाकलेले, काही उघडे, मध्ये पाण्याचं कुंड. त्या काळात आधुनिक इमारत म्हटलं की लोकांना काचेची पेटी डोळ्यांपुढे यायची. या माणसाने गांधीजींच्या पत्रांना पडवी बांधून दिली.

बाकीची यादी मी वाचून दाखवत नाही. भोपाळचं भारत भवन, जयपूरचं जवाहर कला केंद्र, पणजीची कला अकादमी, पुण्यात नारळीकरांच्या ‘आयुका’ची वास्तू, लिस्बनचं शंपालिमो संशोधन केंद्र. 1972 मध्ये पद्मश्री, 1984 मध्ये ब्रिटनच्या वास्तुविशारदांच्या संस्थेचं सुवर्णपदक, 2006 मध्ये पद्मविभूषण. मृत्यू 16 जून 2015, मुंबईत. मृत्यूच्या दोन वर्षं आधी लंडनमध्ये त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. वास्तुविशारदांच्या त्याच संस्थेला त्यांनी आपली हजारो रेखाटनं देऊन टाकली. म्हणजे कोरियांची रेखाटनं पाहायची तर लालबागच्या पोराने लंडनला जायचं. असो.

मुंबईतली त्यांची सगळ्यात प्रसिद्ध इमारत पेडर रोडजवळ कंबाला हिलवर आहे : कांचनजंगा. काम 1970 ला सुरू झालं, 1983 ला संपलं. अठ्ठावीस मजले, बत्तीस घरं. मुंबईत इमारत बांधणाऱ्यापुढे एक जुनं त्रांगडं असतं. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, नजारा पश्चिमेला, आणि दुपारचं ऊन व पावसाची झोडही तिकडूनच. दिशा एक, नफा-नुकसान एकाच खिडकीतून. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय शोधला होता, तो म्हणजे घराभोवती व्हरांडा. ऊन-पाऊस व्हरांड्याने अंगावर घ्यायचा, आतलं घर सावलीत. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून आकाशात नेला. इमारतीचे कोपरे कोरून काढल्यासारखे दिसतात ना, ते दोन मजले उंचीचे व्हरांडे आहेत, त्यात झाडं लावलेली. स्थापत्य अभियंते होते शिरीष पटेल. त्यांचं नाव पुढे पुन्हा येईल.

कांचनजंगा मी कॉलेजात असताना रस्त्यावरून पाहिली. वॉचमनने आत सोडलं नाही, आणि सोडायचं कारणही नव्हतं. पण फुटपाथवर मान वर करून उभा असताना मनात आलं, ही तर गॅलरी! श्रीमंतांना वरच्या मजल्यावर गॅलरी लागते, हे या माणसाला बरोबर कळलंय. आज आपल्या पुनर्विकासाच्या टॉवरमध्ये पहिल्यांदा छाटली जाते ती हीच. घरात शिरलात की दार लावायचं, बाहेर ट्यूबलाइटचा पॅसेज आणि लिफ्ट. कंबाला हिलला जो व्हरांडा सोय ठरला, तो लालबागमध्ये जागेची उधळपट्टी ठरतो.

दादरच्या चर्चबद्दल एकच सांगतो. गोखले रोडवरून जाताना बसमध्ये ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणून कंडक्टर ओरडायचा, ते हेच. त्या जागेवर सोळाव्या शतकापासून चर्च आहे. 1974 ते 77 मध्ये कोरियांनी नवं बांधलं. बाहेरून पाहिलं तर काँक्रीटची मोठाली धुराडी वाटतात. आत जा. वरून उजेड उतरतो, आणि प्रार्थनेची दालनं मोकळ्या चौकांनी एकमेकांना जोडलेली आहेत. माणसं आतून चौकात, चौकातून आत अशी वाहत असतात. कुणाही धर्माच्या माणसाला तिथे बसावंसं वाटेल. दादरला भाजी घ्यायला जाता, तेव्हा पाच मिनिटं काढा.

आता मोठ्या गोष्टीकडे येतो. 1964 मध्ये मुंबई महापालिकेचा विकास आराखडा लोकांच्या हरकती-सूचनांसाठी बाहेर आला. शहर उत्तरेकडे लांबत चाललं होतं, नोकऱ्या मात्र दक्षिण टोकाला. रोज सकाळी सगळी मुंबई एका दिशेने धावणार आणि संध्याकाळी उलट. तीन मंडळींनी यावर वेगळा विचार मांडला : आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया, आर्किटेक्ट प्रवीणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल. त्यांचं म्हणणं, खाडीपलीकडे पूर्वेला जा. तिथे जमीन आहे, बंदराचं पाणी मध्ये आहे; लांबट मुंबईला जोडून एक जुळं शहर उभं करा, म्हणजे ती गोलाकार होईल. आणि सरकारने स्वतःची कार्यालयं तिकडे हलवावीत, म्हणजे नोकऱ्या मागोमाग जातील. मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ नियतकालिकाने 1965 मध्ये या विचाराला आख्खा अंक दिला. गंमत पाहा, कलेच्या नियतकालिकात शहराचा आराखडा छापून येतो आणि पाच वर्षांत सरकार तो उचलतं. 1970 मध्ये ही नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली आणि सुरुवातीची काही वर्षं कोरिया तिचे मुख्य आर्किटेक्ट होते.

यातली सगळ्यात हुशार कल्पना जमिनीच्या पैशाची होती. शेतजमिनीवर शहर येणार म्हटलं की भाव चढतो. तो चढलेला भाव दलालाच्या खिशात जातो. त्याऐवजी जमीन आधीच सार्वजनिक हातात घ्या, आणि चढलेल्या भावातून रस्ते, पाणी, गरिबांची घरं बांधा. हिशेब सरळ होता.

पण त्यातला अर्धा भाग कागदावर राहिला. सरकार पलीकडे गेलंच नाही. ज्या काळात वाशीला रस्ते आखले जात होते, त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून टॉवर उभे राहत होते. 1981 मध्ये नवं विधान भवनही तिथेच उभं राहिलं. मंत्रालय हललं नाही. हलले ते कांदे-बटाटे, मसाले, भाजीपाला आणि त्यांचे माथाडी. लोकल गाडी वाशीला पोचायला 1992 साल उजाडलं, म्हणजे सिडकोनंतर बावीस वर्षं. घर आधी, गाडी नंतर असं शहर वसवून पाहिलं आपण. वाशीला खोली घेतलेला माझा मामा तेव्हा रोज दोन बस बदलून शिवडीला कामावर यायचा. आराखडा त्याच्यासाठीच होता, आणि त्याला तो कधी दिसला नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्मृतिव्याख्यान आहे म्हणून मी आरती करणार नाही. नकाशावर जी मोकळी जमीन दिसत होती, ती मोकळी नव्हती. तिथे पंच्याण्णवच्या आसपास गावं होती. आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं, मासेमारी. 344 चौरस किलोमीटर क्षेत्र रेघ मारून घेतलं गेलं. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. हे तत्त्व 1965 च्या अंकातच असायला हवं होतं. शहर रचणाऱ्याला जमीन आधी दिसते आणि माणूस नंतर. इतका संवेदनशील माणूसही त्यातून सुटला नाही, असं माझं मत आहे. जमिनीचा चढलेला भाव दलालाकडून सोडवून आणणारा हिशेब, तिच्या मूळ मालकाचा वाटा विसरला.

त्याच नव्या मुंबईत कोरियांनी बेलापूरला, पारसिक टेकडीच्या पायथ्याशी 1983 ते 86 दरम्यान एक वसाहत बांधली. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. त्यांच्या सगळ्या कामांत मला ही जवळची. सात घरं एका चौकाभोवती. चौक आठ मीटर चौरस. अशा तीन चौकांच्या मध्ये जरा मोठा चौक, बारा मीटरचा. असं करत करत शेवटी सगळ्यांचं मैदान. म्हणजे त्या चार जागा, मोजून-मापून जमिनीवर उतरवलेल्या. प्रत्येक घराची जमीन वेगळी, 45 ते 75 चौरस मीटरच्या आत. सगळ्यात गरीब आणि सगळ्यात बऱ्या स्थितीतल्या माणसाच्या जमिनीत एवढाच फरक. आणि दोन घरांत सामाईक भिंत नाही. का? तर कुणाला खोली वाढवायची असेल, तर शेजाऱ्याची भिंत फोडावी लागू नये. घर आज एका खोलीचं, मुलाचं लग्न झालं की दोन खोल्यांचं. लिफ्ट नाही, मोठं यंत्र नाही, गावचा गवंडी आणि सुतार पुरे.

मी तिथे तीनदा गेलो. पहिल्यांदा कौलारू, पांढऱ्या भिंतींची घरं पाहिली. शेवटचं गेलो तेव्हा निम्म्याहून अधिक घरं पाडून लोकांनी तीन मजली बंगले बांधले होते, वर ग्रॅनाइट, पुढे स्टीलची ग्रील. माझ्याबरोबरचा विद्यार्थी हळहळला. मला तितकंसं वाईट वाटलं नाही. वाढायला जागा ठेवली होती, माणसं वाढली. चौक तेवढे शाबूत होते. एका चौकात दोन बायका पापड वाळत घालून राखण करत बसल्या होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, ‘फोटो काढायला आलात? सगळे घरांचे काढतात. काढा.’ मी चौकाचा काढला.

फुटपाथचं एक काम सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1968 मध्ये त्यांनी दादाभाई नौरोजी रोडसाठी एक साधी योजना दिली. फुटपाथच्या कडेला दोन मीटर रुंद, अर्धा मीटर उंच असा ओटा बांधायचा, त्याला पाण्याचे नळ. दिवसा त्यावर फेरीवाले बसतील, चालणाऱ्यांची वाट मोकळी राहील. संध्याकाळी पालिकेने तो धुऊन काढायचा. रात्री रस्त्यावर झोपणारी माणसं त्यावर झोपतील, चिखल आणि गाड्यांपासून वर. एक ओटा, दोन पाळ्या! गिरणगावातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आपल्याकडे गाळ्यात एकच वळकटी दिवसपाळी आणि रातपाळीला दोन माणसं वापरत. ओटा झाला नाही. फेरीवाला आणि पालिकेची गाडी, हा शिवाशिवीचा खेळ तुम्ही आजही बाहेर पडलात की पाहाल.

आणि आता गिरण्या.

तुम्हाला 18 जानेवारी 1982 सांगायला नको. डॉक्टर दत्ता सामंतांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार. आमच्या घरात संप संपला असं कुणी कधी म्हणालंच नाही. बाबा फक्त हळूहळू सुरक्षारक्षक झाले. भोंगा थांबला आणि पहिल्या महिन्यात आईला वेळ कळेना, ती दूध उतू घालवायची. गिरण्या बंद पडल्या, जमीन मात्र जागी झाली. मुंबईच्या मधोमध सुमारे सहाशे एकर.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 वा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन भाग : एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. प्रत्येक मालकाने आपापल्या आवारात तीन तुकडे पाडले असते तर लालबागला हातरुमालाएवढी दहा उद्यानं मिळाली असती, कुठे कोपऱ्यात, कुठे नाल्याकाठी. म्हणून 1996 मध्ये राज्य सरकारने कोरियांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. सगळ्या जमिनी एका नकाशावर मांडून पाहा, असं काम. खासगी गिरण्यांच्या मालकांनी त्यांना आत पाऊल ठेवू दिलं नाही. ज्यांनी देशोदेशीच्या विद्यापीठांत भाषणं दिली, ते परळच्या गिरणीच्या गेटवर थांबले! मग राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पंचवीस गिरण्यांचाच अभ्यास झाला.

अहवालाचा गाभा साधा होता. तुकडे नकोत, तिन्ही हिश्शांची एकत्र मांडणी करा, म्हणजे मोकळी जागा सलग मिळेल. घरं, नोकऱ्या देणारे उद्योग आणि मैदानं जवळजवळ ठेवा. जुन्या इमारतींतल्या चांगल्या राखा. आणि रेल्वे स्थानकांभोवती माणसांना चालायला ऐसपैस जागा सोडा, कारण इथे दोन रेल्वेमार्ग हाताच्या अंतरावरून जातात आणि मधल्या पुलावर अख्खं शहर बदली करतं. खेळण्यातल्या रुळांचे नकाशे काढणारा मुलगा सहासष्टाव्या वर्षी परळ आणि एल्फिन्स्टनचे रूळ पाहत होता. त्याला अडचण कुठे आहे हे दिसलं नसतं तरच नवल.

अहवाल बासनात गेला. 2001 मध्ये नियम बदलला. तीन भाग करायचे, पण फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे; इमारती पाडून जी जमीन मोकळी होईल ती मालकाची. एका शब्दाने किती जमीन गेली, हे ज्यांनी गिरणी आतून पाहिली आहे त्यांना कळेल. गिरणीत मोकळं होतं काय? गेट, पाण्याचं तळं, कापसाच्या गाड्या फिरायला वाट. बाकी सगळी शेडच. पर्यावरणवादी मंडळी उच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर 2005 मध्ये निकाल लोकांच्या बाजूने लागला, मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पुढे 2012 मध्ये कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली, सुमारे सात हजार घरं, प्रत्येकी सव्वादोनशे चौरस फुटांची. अर्ज लाखाच्या वर. बाबांचा अर्ज त्यात होता. बाबा आता नाहीत, अर्ज आहे.

29 सप्टेंबर 2017. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ, पाऊस, एल्फिन्स्टनच्या पुलाच्या जिन्यावर माणसं अडकली. तेवीस जण गेले. ज्या ऑफिसांकडे ती माणसं निघाली होती, त्यातली बरीच गिरण्यांच्या जमिनींवर उभी आहेत. शेडच्या जागी काच आली, माणसं दसपट झाली, जिना गिरणीच्या वेळचाच राहिला. पुढे लष्कराने येऊन नवा पूल बांधला. अहवाल मानला असता तर हे झालंच नसतं, असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. पण एकवीस वर्षं आधी एक शहाणा माणूस त्याच जागेवर बोट ठेवून गेला होता, एवढं नोंदीवर आहे.

सुरुवातीला मी म्हटलं, चूक कुणाची ते पुढे सांगेन. सरकारची आहे, मालकांची आहे, ती आपण रोज मोजतो. थोडी कोरियांचीही. ते उत्तम लिहीत, पण इंग्रजीत. गिरणगावाचा आराखडा गिरणगावच्या भाषेत चाळीचाळींतून वाचला गेला असता, तर तो बासनात घालणं इतकं सोपं गेलं नसतं. आणि थोडी आपली. आपण मोर्चे काढले, त्यात मीही होतो. आपण घर मागितलं, आणि ते मागायलाच हवं होतं. मैदान मागितलं नाही. तीन हिश्शांपैकी आपल्या तोंडी कायम एकच होता. मोकळ्या जागेचा हिस्सा आपल्या कुणाच्याच घोषणेत नव्हता, म्हणून तो सगळ्यात आधी आणि सगळ्यात गुपचूप गेला.

आता लालबागची उरलीसुरली चाळ पुनर्विकासात चालली आहे. जावी. कुणी पावसाळ्यात टेकू लावलेल्या जिन्यावरून चढत राहावं, असं मला वाटत नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या सोसायटीत पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन येईल. कार्पेट एरिया किती, कॉर्पस फंड किती, ट्रान्झिटचं भाडं किती, हे प्रश्न तुम्ही विचारालच, विचारलेच पाहिजेत. त्यानंतर हात वर करून आणखी तीन विचारा. दाराबाहेरचा पॅसेज किती फूट रुंद आहे आणि त्यात उजेड-वारा कुठून येतो? म्हातारी माणसं संध्याकाळी कुठे बसतील? आणि पोडियमवर गाड्या किती, पोरांना खेळायला जागा किती? उत्तरं लेखी मागा, आणि मिनिट्समध्ये नोंदवून घ्या.